वाडग्यातली काळी मेंदी

रिहाब पोरी,

वाडग्यातली मेंदी मी ओतून दिली. शोधू नकोस, आरडाओरडाही करू नकोस. तुझ्या मैत्रिणीने तिच्यात केसांच्या कलपाची काळी पूड मिसळली होती. वर मलाच म्हणते, "हबूबा, केसांना चालते, मग हातांना काय धाड भरलीय?" अगं, केसांना लावतानाही आधी कोपराआड थेंब लावून बघा, असं डबीवर लिहिलेलं असतं. आणि ईदला हीच मेंदी लावून तुझ्या मनगटावर फोड आले होते. बांगड्यांखाली लपवलेस, तरी मी पाहिले. पुन्हा लावलीस तर फोडांवर भागेलच असं नाही.

मी ओमदुरमानच्या बाजारात साधी मेंदी आणि तिच्यात घालायला महलबियाचं सुगंधी तेल आणायला गेलेय. किसऱ्याच्या पोळ्या झाकून ठेवल्यात, खाऊन घे. संध्याकाळी मेंदीचे हात बांधून मुकाट बसायचं. रंग तांबूस आला तर येऊ दे, नवरीचे हात काळेच हवेत म्हणणाऱ्या तुझ्या सासूला मी बघून घेईन.

माझ्या बहिणीला, नफीसालाही, लग्नासाठी अशीच झटपट काळी मेंदी हवी होती. तिचा गळा सुजला, श्वास अडला. कफन घालताना तिचे हात काळेभोर, सुरेख दिसत होते.

तुझे तांबूस हात मला लग्नात नाचताना पाहायचेत.

तुझी आजी,
हबूबा