पेटीवरची पट्टी

बाबा, पणजीच्या ज्या दुकानात मी स्पीकर विकते, तिथे कोणी बघत नसलं की मी प्रत्येक पेटीवर बोटाचं पेर ठोकून ऐकते. शाळेत घालायच्या आधी तुम्हीच मला हे शिकवलंत, डिचोलीला घरामागच्या शेडमध्ये. "गाणां स्पीकरान म्हणूचां, पेटयेन गप रवचां," म्हणत तुम्ही आत आडव्या पट्ट्या बसवायचात, सांधा न सांधा गोंदाने भरायचात. दुकानातल्या बऱ्याच पेट्या पातळ असतात, ठोकलं की भणभणतात. गिऱ्हाइकाला मी तुमचंच वाक्य ऐकवते, माझं असल्यासारखं.

आठवीत गॅदरिंगच्या नाचाची तालीम आपल्या घरी ठरली होती. ट्रकांच्या केबिनींच्या कामातून उरलेल्या जाड प्लायचा स्पीकर तुम्ही माझ्यासाठी केला होता. मैत्रिणी येणार म्हणून मी बिघडलेल्या टेपवरची कंपनीच्या नावाची पट्टी सोलून त्यावर चिकटवली. साखळी गावाहून आलेल्या एकीने तो उचलून पाहिला. "कितें जड गो हो! तुज्या बाबान केल्लो?" मी म्हटलं, "न्हय गो, पणजेसून विकत हाडलो." तुम्ही चहा-पावाचा ट्रे घेऊन दारातच उभे आहात. ट्रे खाली ठेवता, "उंडे गरम आसत, खावा गो," म्हणता आणि आत जाता.

सगळ्या गेल्यावर तुम्ही काटकोन बघायचा गुण्या घेऊन आलात. मला वाटलं, आता ओरडणार. "वाकडी लावलंस गो. आनी गोंदान रवाची ना ती," एवढंच म्हणालात. गुण्या धरून पट्टी सरळ केलीत आणि दोन बारीक स्क्रूंनी पक्की बसवलीत. स्वतःच्या कामावर दुसऱ्याचं नाव. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही होतात. माफी मागायला एक दुपार पुरली असती.

तो स्पीकर अजून वाजतो. गेल्या रविवारी दुकानातली मैत्रीण घरी आली, तिनेही सवयीने ठोकून पाहिलं. "असली पेटी आता मिळत नाही गं. कुठल्या कंपनीची?" मी पट्टीवरचं नाव वाचून दाखवलं. खरं सांगितलं असतं तर तिने तुमचं कौतुकच केलं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच आलं.

ती गेल्यावर मी पट्टी काढली. खाली तुमचं पॉलिश अजून नवं आहे, आणि दोन भोकं. या रविवारी ती पुन्हा येणार आहे. तेव्हा सांगायचं ठरवलंय. पण पट्टी मी टाकलेली नाही, बाबा. दोन्ही स्क्रूंसकट ती पेटीवरच ठेवली आहे, हाताशी.