तिसऱ्या दिवशीचा रंग

४ मार्च

धाकट्या बहिणीला मनोरुग्णालयात भरती करण्याचा कागद आज हातात पडला. खाली नातेवाइकाची सही हवी — म्हणजे माझी. वीस तारखेच्या आत.

मनाचे डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, रक्त ठीक, हृदय ठीक, छातीचा फोटो ठीक. शरीरात काही सापडत नाही, तेव्हा दुखणं मनातच असणार. घरी दीड वर्ष अंथरुणात, आणि तपासणीला येते ती दोन जिने चढून, हसत, गप्पा मारत! भरतीपर्यंत लाड बंद करा, चालवा.

मला पटलं. का पटू नये? माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही, यावर मी तीस वर्षं कामगारांच्या सभा गाजवल्यात.

६ मार्च

तिला ओढत बागेपर्यंत नेलं. गेली, आली. धाप मलाच लागली. म्हटलं, बघ, जमतं की नाही? ती नुसती हसली.

७ मार्च

आजही ठीक. जिंकले!

८ मार्च

जिंकले कसली — सकाळी तिला पाण्याचा पेला धरवेना. घसा सुजलेला. पडदा सरकवला तर उजेड सोसेना. आणि मी? उशाशी उभी राहून व्याख्यान झोडायला लागले. तू आतून हरलीस, उठायचंच नाही तुला, वगैरे.

ती डोळे मिटूनच होती. थांबत थांबत म्हणाली, "ताई, मी संपावर गेलेय असं समज. संपावरच्या माणसाला तू कधी आळशी म्हणत नाहीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. जे मालक तसं म्हणाले, त्यांची मी भर चौकात सालटी काढली. घरात मात्र मीच मालक.

१० मार्च

आज तिला थोडं बोलता आलं. रंगखान्यातलं सांगत होती. वीस वर्षं तिथं रंग पारखायचं काम केलं तिनं. कापडाचा तुकडा पिंपातून निघाला की पहिल्या दिवशी सुरेखच दिसतो. ही पास करायची नाही. धुवायचा, उन्हात टाकायचा, तिसऱ्या दिवशी बघायचा. कच्चा रंग तेव्हा उतरलेला दिसतो. मालक पाय आपटायचे, मालाची गाडी दारात खोळंबून राहायची. बाई ढिम्म हलायची नाही.

"माझंही तसंच आहे," म्हणाली. "श्रम केले त्या दिवशी पक्की दिसते. उतरते तिसऱ्या दिवशी. डॉक्टर पहिल्या दिवशी बघतात."

माझ्या खोलीत चार भिंती पुस्तकं आहेत. हिनं हे पडल्या पडल्या, छताकडं बघून शोधलं. कुणी विश्वास ठेवत नसताना. यालाच बुद्धी म्हणतात.

१२ मार्च

डॉक्टरांसाठी भाषण तयार केलं होतं. ऐकलं असतं तर खुर्ची सोडून पळाले असते. धाकटीनं एका वाक्यात निकालात काढलं — भाषण नको, ताई, फक्त तारीख माग. ती जाणार, ते म्हणतील तेवढे जिने चढणार. पण निकाल द्यायचा तो तिसऱ्या दिवशी, आमच्या घरी येऊन.

म्हटलं, अगं, पडशील.

"पडायलाच तर जातेय."

१५ मार्च

दोन जिने, चार वेळा. मधे एकदाही बसली नाही. डॉक्टर गमतीनं म्हणाले, तुमच्या ताईंपेक्षा तुम्हीच ठणठणीत. घरी यायला नाखूश होते. मी सांगितलं, नाहीतर सही विसरा.

१७ मार्च

आले. दारातच थबकले. परवा जिने चढणारी बाई आज कूस बदलू शकत नव्हती. त्यांनी आधार देऊन बसवलं, तर नाडी धावत सुटली आणि शुद्ध हरपली. निजवलं. मग ते जमिनीवरच बसले, मनगट हातात धरून, बराच वेळ.

ती शुद्धीवर आल्यावर तिला म्हणाले, "मी चुकीच्या दिवशी बघत होतो." मला नाही, तिला! अगदी योग्य केलं. भरतीचा कागद स्वतः फाडला. हे दुखणं शरीराचं आहे, म्हणाले. श्रमानं बिघडणारं, नंतर उलटणारं. औषध नाही. जपायचं, बस. चालवा म्हटलं ते मागे घेतो, असंही म्हणाले.

मी हजारांच्या सभा हलवल्या. एका शहाण्या माणसाचं मत बदलायला मला एकदाही जमलं नाही. तिनं ते न बोलता केलं. माझी धाकटी!

२६ एप्रिल

चाळीस दिवस झाले. पूर्वी आठवडाभरात सावरायची. अजून उठलेली नाही.

आवाज सोसत नाही तिला, म्हणून आज कानाशी जाऊन हळूच विचारलं — एवढं होईल, माहीत होतं?

"अंदाज होता."