दोरी खांद्यावरच

मंगळवार, संध्याकाळ

तीस वर्षं कारखान्यात सेफ्टी शिकवली. शिडीचं वरचं टोक आधी बांधायचं, मगच छतावर पाय ठेवायचा, हे कामगारांकडून घोकून घेतलं. आणि आज दोरी माझ्याच खांद्यावर होती. मग बांधली का नाही मी? घाई. दुसरं काय!

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आणि जिन्याच्या खोलीवर ठेवलेल्या टाकीतून पाइप निसटलेला. मी शिडीनं वर गेलो. खाली गच्चीवर बायको सुमन उभी, तिचा एक हात शिडीला, दुसरा पाण्याच्या कॉकला. पाइप बसवला आणि ओरडलो, "सोड!"

तिनं शिडी सोडली.

शिडी घसरून आडवी. मी टाकीपाशी, दोरी खांद्यावर. सुमन शिडी उचलायला धावली तर मीच ओरडलो, "अगं, आधी कॉक!" नवरा अर्धा तास वर बसला तरी चालतंय, पाणी गेलं तर आठ दिवस लई हाल.

कॉक सोडून आली, पण शिडी काही तिला एकटीला उचलेना. शेवटी शेजारचे रफिकभाई आले, शिडी लावून धरली आणि वर बघून म्हणाले, "साब, दोरी तो आपके पासइच है!"

मग बांधली. शिडीकडं तोंड करून, एकेक पायरी, अगदी शिकवल्यासारखा उतरलो. बघायला अख्खी गल्ली.

सुमन मागं शिडी-दोरी आवरत राहिली. वाटलं, सुटलो. आत्ता बैठकीत आलो तर भिंतीवरच्या माझ्या सेफ्टीच्या प्रशस्तिपत्राला तीच दोरी घातलेली. हारासारखी.