ऑपरेशन चाललंय

५ जानेवारी

हसले! पुन्हा हसले! पोटच्या पोरीला पोहण्याच्या तलावावर विसरून मी बारमध्ये पीत बसलो, हे स्टेजवर सांगितलं की लोक हॉल डोक्यावर घेतात. पुढच्या रांगेतला एक जाड्या तर डोळे पुसत होता. वाटलं, खाली उतरावं आणि एक ठेवून द्यावी. पण थांबलो, टाळ्या ओसरू दिल्या, मग पुढचं वाक्य टाकलं. धंद्याची सवय.

मॅनेजर खूश. "लोकांना तुझा खरेपणा आवडतो रे. तलावाचा किस्सा जरा वाढव." खरेपणा म्हणे! दारू सोडल्यापासून तेवढंच विकतोय – मी किती नालायक होतो, ते. खप बरा आहे.

८ जानेवारी

लेक शोला आली होती. पहिल्यांदाच. तेरा वर्षांची झाली, आईकडे असते, रविवारी मला भेटते. तलावाच्या किश्श्याला सगळे लोळत होते आणि ही हाताची घडी घालून बसलेली. नंतर मेकअपच्या खोलीत आली.

"बाबा, पुढचं का नाही सांगत?"

"पुढचं काय?"

मग तिने सांगितलं. रडणं नाही, ओरडणं नाही. तलाव बंद झाला, ती फाटकात उभी, केस ओले. रखवालदाराने स्वतःचा स्वेटर घातला तिला. विचारलं, बाबा कुठंयत? ही म्हणाली, "माझे बाबा डॉक्टर आहेत. ऑपरेशन चाललंय."

आठ वर्षांची होती! मला झाकायला थाप मारली पोरीने. आणि मी? इथे तरी लिहितो. लाज वाटली ती नंतर. आधी डोक्यात आलं – हे वाक्य शेवटी टाकलं तर हॉल कोसळेल!

"हे कुणालाच सांगितलं नव्हतं मी," ती म्हणाली.

९ जानेवारी

टाकलं. हॉल कोसळला. हरामखोर आहे मी.

१२ जानेवारी

त्या तुकड्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. शाळेत पोरं लेकीला 'डॉक्टरीण बाई' म्हणून चिडवतात. हे तिच्या आईकडून कळलं. ती फोनवर म्हणाली, "प्यायचास तेव्हा निदान शुद्धीवर नसायचास. आता काय कारण सांगशील?"

उलट तिच्यावरच खेकसलो – माझी रोजीरोटी आहे ही! फोन ठेवल्यावर पेला भिंतीवर आपटला. पाण्याचाच होता. सगळी फरशी ओली, आणि पुसायला मीच.

लेक फोन उचलत नाही. तिचा निरोप आला, रविवारी येऊ नकोस. आणि पुढच्याही नाही.

१५ जानेवारी

आज तो किस्सा गाळला. मागून एकजण ओरडला, "ऑपरेशन!" मग दुसरा, मग सगळा हॉल. माझं टाळकं सटकलं. म्हणालो, पोर थंडीने कुडकुडत होती, कळतंय का तुम्हाला? हसले! त्यांना वाटलं, हाही विनोदच. शिव्या घातल्या – आणखी हसले! माईक तिथेच ठेवून चालता झालो.

जिन्यात मॅनेजर आडवा आला. मला वाटलं, आता झापणार. तर म्हणतो कसा, "कमाल केलीस! उद्याच्या शोलाही अस्साच चीड."

कॉलर धरली त्याची. मग सोडली आणि रस्त्यावर आलो.

१६ जानेवारी

काल तिथून थेट बारमध्ये गेलो. प्यायलो. कुणालाही कळलेलं नाही. सकाळी लेकीच्या इमारतीखाली उभा राहिलो. शाळेला जायला उतरली, तेव्हा पुन्हा प्यायल्याचं सांगून टाकलं. तोंडाला वास येतच होता.

तिने विचारलं, "हे स्टेजवर सांगणार?"

"नाही."

"आईला मी काही सांगणार नाही हां," ती म्हणाली. "तूच सांग. चल वर."