बाराच्या आत जेवण

बाबा, ज्या देशांत घराघरात बुद्ध आहे तिथल्या एखाद्या माणसाशेजारी बसून एकदा तरी वंदना म्हणायची, एवढी एकच इच्छा तुम्ही आयुष्यभर बोलून दाखवलीत. ती तशीच राहिली, आणि तुमच्यामागे माझ्याकडे आली. घर आलं, भांडी आली, तशीच. गेल्या पौर्णिमेला तसा माणूस मला मिळाला. त्या दिवशी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हांला लिहायला बसलोय.

चारकोपला आमच्या कारखान्यात खोकी बनवायचं नवं मशीन आलं आणि ते बसवायला थायलंडचे एक साहेब आले. माझ्याच वयाचे, बुटके, कायम हसरे. कामगार पोरांनी त्यांना आठवडाभरात ‘झकास’ आणि ‘वाट लागली’ एवढं शिकवलं. मशीन चाललं की पहिला शब्द, थांबलं की दुसरा, आणि त्यावर साहेबांचं सगळं निभायला लागलं. मी गोदाम सांभाळतो. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, इथे एकाच दिवसात डोंगर चढून समुद्रावर जेवता येतं असं ऐकलंय, खरं का? म्हटलं, बोरिवलीला दोन्ही आहे. त्यांनी रविवार ठरवला. घरी येऊन कॅलेंडर पाहतो तर त्याच रविवारी पौर्णिमा. आता थायलंडचा माणूस, पौर्णिमेचा दिवस, आणि बोरिवलीचा डोंगर म्हणजे कान्हेरीची लेणी. मला वाटलं, साहेब संकोचतायत, वंदनेला जायचंय असं सरळ म्हणत नाहीत. घरी हिला सांगितलं तर ही भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यांना फिरायचं असेल हो. तुम्हांला जो तो उपासकच दिसतो.”

पौर्णिमेला मी अष्टशील पाळतो, तुम्ही पाळायचात तसंच. पांढरे कपडे, आणि दुपारी बारानंतर तोंडात अन्न नाही. सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी मी पांढऱ्या सदऱ्यात उभा आणि साहेब आले ते अर्धी चड्डी, छत्रीएवढी टोपी आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन. मी पोहे खाऊया म्हटलं. ते म्हणाले, आज काही नको, आज एकदम समुद्रावरच जेवायचं. झालं. माझ्या मनात जी थोडी शंका होती तीही गेली. एकच जेवण, म्हणजे बाराच्या आतलं. मीही मग पोहे खाल्ले नाहीत.

लेण्यांशी बसमधून उतरलो. मोठ्या चैत्याच्या पायरीशी मी बूट काढायला वाकलो, एक बूट काढला आणि वर पाहतो तर साहेब पुढच्या वळणावर. काठीने डोंगराचा माथा दाखवतायत. आधी वर, असं म्हणतायत. मी बूट परत घातला. म्हटलं, उतरताना निवांत बसू. साहेब बकरीसारखे चढले आणि मी मागून माझा श्वास गोळा करत. वाटेत त्यांनी एकेका माकडाचा फोटो काढला, एकाचे तर चार. माथ्यावर पोचून त्यांनी लांब गोराईची खाडी पाहिली, हात पसरले आणि म्हणाले, “झकास.” खाली येईपर्यंत अकरा वाजून गेले होते.

आता चैत्य समोर आहे, साहेब शेजारी आहेत, आणि माझ्या मनगटावर घड्याळ आहे. तिथे मला आपल्या गावातली ती दुपार दिसली. भंते यायचे होते. तुम्ही आठ दिवस आधीपासून वस्ती झाडून घेतलीत, हौदाला चुना लावलात. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. बुंदी गरमच वाढायची हा हट्ट तुमचा. पंगत बसली तेव्हा साडेबारा झाले होते. भंते हसले, पानाला हात लावून नमस्कार केला आणि पाण्याचा पेला मागितला. तुम्ही बुंदीची परात धरून तसेच उभे. पुढे आपल्या घरी तलाठी आला, विम्याचा माणूस आला, तरी तुम्ही अकराला पान वाढायला लावायचात. मामा एकदा एक वाजता आले तर त्यांना ओट्यावरच रागावलात. ते बिचारे म्हणाले, “दाजी, बस पंक्चर झाली, मी काय करू?” आणि मग दोन वेळा जेवले.

तर मी ठरवलं. वंदना पुन्हा कधी होईल, पण तिकडचा माणूस आपल्यामुळे उपाशी राहायला नको. साहेबांना जवळजवळ ओढतच बसकडे आणलं. त्यांना वाटलं माझी साखर कमी झाली. त्यांनी खिशातून गोड गोळी काढून दिली. खाली येऊन रिक्षा केली, रिक्षावाल्याला घाई केली, गोराईच्या बोटीसाठी जेट्टीवर पळालो, आणि बोट उभी. भरल्याशिवाय निघणार नाही. हिने दिलेला डबा मी उघडला, भाकरी आणि पिठलं, आणि साहेबांपुढे धरला. साहेबांनी पोटावर हात ठेवला, समुद्राकडे बोट दाखवलं आणि डबा हळूच बंद केला. पाहुणा उपाशी असताना मी कसा खाणार? समोर मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, “त्याला नको तर नको. तू तरी खाऊन घे रे, तोंड बघ केवढं झालंय.” मी डबा पिशवीत टाकला. खाडीच्या मधोमध बारा वाजले.

वाळूत मांडलेल्या टेबलाशी बसलो तेव्हा मला साहेबांकडे बघवेना. त्यांनी मोठा खेकडा, कोलंबी आणि बिअर मागवली. मला वाटलं, दुःखाच्या भरात मागवलं. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत माफी मागितली, की बारा वाजून गेले, चूक माझी. ते म्हणाले, जेवण चार वाजेपर्यंत मिळतं, मी आत विचारलंय. मग मी सांगितलं, की तुम्ही बारानंतर न जेवणारे उपासक आहात असं मी धरून चाललो होतो. ते इतके हसले की वेटर पाणी घेऊन आला. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे तरुणपणी काही महिने भिक्षूचं चीवर घालायची रीत आहे, तसे तेही आईसाठी विहारात राहिले होते.

“त्यातलं मला एकच आठवतं,” ते म्हणाले. “संध्याकाळची भूक. तेव्हापासून मी दुपारचं जेवण कधी चुकवलं नाही.”

खेकडा आला. त्यांनी पाय मोडला, अर्धा माझ्याकडे सरकवला आणि थांबले. तुम्ही का जेवत नाही, म्हणाले. मी सांगितलं, आज पौर्णिमा. ते माझ्या सदऱ्याकडे बघत राहिले. म्हणाले, सकाळी मला वाटलं ऊन लागतं म्हणून पांढरं घातलंय. त्यांची आई दर पौर्णिमेला असेच कपडे घालून दिवसभर विहारात बसायची. ती गेल्यापासून पौर्णिमा कधी येते नि जाते हे त्यांना कळलेलं नाही. मग ते उठले, नळावर साबण लावून हात धुतले, परत येऊन बसले आणि हात जोडले.

“आज पांढरे कपडे तुमचे. तुम्ही पुढे म्हणा, मी मागून.”

बाबा, मी वंदना म्हटली, मग पंचशील. खेकड्यासमोर, कोलंबीच्या वासात, पाठीमागे कुणीतरी क्रिकेट खेळत असताना. त्यांची चाल आपल्याहून संथ, पण पालीतले शब्द तेच, एकही मागेपुढे नाही. पहिलं शील प्राणिहत्येचं. तेव्हा आम्ही दोघांनीही ताटाकडे पाहिलं नाही. चौथं झालं, आणि पाचवं मद्याचं येणार तोच त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं, ग्लास सावकाश रिकामा केला, दूर ठेवला, पुन्हा हात जोडले आणि मान हलवली. मग मी म्हटलं. वेटरने अजून एक आणू का विचारलं तर त्यांनी जोडलेल्या हातांनीच नको म्हटलं. नंतर ते पोटभर जेवले आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो. मला भूक अशी लागलीच नाही.

संध्याकाळी इथल्या विहारात मी सांगितलं, की थायलंडच्या साहेबांनी माझ्यामागून पंचशील घेतलं. सगळे गोळा झाले. कुठे घेतलं, असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, कान्हेरीला, स्तूपापुढे. मेणबत्ती लावली असंही सांगून बसलो. पुढच्या पौर्णिमेला यावर पाच मिनिटं बोला म्हणतायत. सकाळी घरी घेतलं, दुपारी समुद्रावर दिलं, आणि दिवस मावळायच्या आत खोटं न बोलण्याचं शील मीच मोडलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिता आलं. तुम्ही समोर बसून विचारलं असतंत, तर तुम्हांलाही मी बहुतेक स्तूपच सांगितला असता.