मोजून एक लिटर

३ एप्रिल, शुक्रवार

यांचं वजन पुन्हा एक किलो वाढलं! सोमवारी ६२, आज ६३. पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतोय, अन् बुजायचं नाव न्हाई. विचारलं, "जादा पाणी पेलात का?" हे म्हणले, "न्हाई." छताकडं बघून म्हणले. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. खोटं बोलताना हे छताकडं बघतात.

दवाखान्यानं ही वही पिशव्या लिहायला दिली. पोटात किती सोडलं, किती निघालं. पुढून ते लिहिते, मागून हे मनातलं. चौथीपर्यंत शिकले, पण लिहिता येतं. वाचणार कोण? यांना तर स्वतःचा चष्मा सापडत न्हाई.

४ एप्रिल, शनिवार

सकाळची पिशवी. हात धुवा, तोंडाला फडकं बांधा, पंखा बंद करा. नळीनं पोटातलं जुनं पाणी काढायचं, नवं दोन लिटर सोडायचं. दिवसातून चारदा. आज निघालं २३००. सोडलं होतं दोन हजार. म्हणजे तीनशे जादा ओढून आणलं.

नांदेडला सिंधु सिस्टरनं पहिल्या दिवशी समजावलं होतं. किडन्या गेल्या तरी पोटात आतून एक पातळ पडदा असतो. पलीकडं रक्त, अलीकडं आपण सोडलेलं साखरेचं पाणी. रक्तातलं जादा पाणी अन् घाण पडद्यातून अलीकडं येते, कारण साखर पाणी ओढून घेते. रक्त मात्र पलीकडंच राहतं, पडद्याची भोकं तेवढी बारीक. मी म्हणले, कैरीच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच की. सिस्टर म्हणली, "मावशी, हेच शिकवायला मला पोरींना दोन तास लागतात." यांनी लगेच, "म्हणजे मी लोणचं."

तवा हसू आलं होतं.

पडदा इमानदारीनं काम करायलाय. माणूस न्हाई करत.

८ एप्रिल, बुधवार

माठ आतल्या खोलीत ठेवला, दाराला कुलूप लावलं. चहा, ताक, वरण सगळं धरून दिवसाला एक लिटर. मी बाटलीवर खुणा केल्यात. हे म्हणले, "तुरुंगात बी माठ उघडा असतो." म्हणलं, जा मग तुरुंगात.

तरी ६३.५.

११ एप्रिल, शनिवार

नांदेडला जाऊन आलो. ६४. सिस्टरनं वही पाहिली. "पडदा चांगला हाय मावशी. बाहेरूनच जादा जायलंय." आता कडक साखरेची पिशवी दिली. जादा ओढते. पण रोज लावली तर पडदा लवकर खराब होतो. मग मशीनवर रक्त धुवायचं. आठवड्यातून तीनदा नांदेड! नायगावच्या पुढं आमच्या गावाला दोन एसट्या, त्यातली एक तिच्या मर्जीनं येते.

येताना बोलले न्हाई. हे म्हणले, "बोल की." म्हणलं, बोलून घसा सुकतो, अन् तुमच्यासमोर मला पाणी पेता येत न्हाई.

१४ एप्रिल, मंगळवार

आज जयंती. विनोद मास्तर बोलवायला आले. हे अन् ते पहिलीपासून एका वर्गात. "वहिनी, तुम्ही बी या जेवायला. आई वाट बघायली." म्हणलं, डोकं दुखायलंय.

हे गेले.

१६ एप्रिल, गुरुवार

सापडले.

चारला पारावर जातो म्हणून निघाले. मी मागं. पार ओलांडला, विहार ओलांडला, थेट विनोदच्या ओट्यावर. विनोदची आई, सरजाबाई, तांब्या-गिलास घेऊन आली. "पी लेका, बिमार माणसाला पाणी चांगलं असतंय." हे एक गिलास पेले. वर दुसरा पेले! इथं मी एकेक घोट मोजायले, अन् तिथं गटागटा.

घरी आल्यावर धरलं. म्हणलं, तहान लागली तर माझ्यासंगं भांडा. तिथं कामून जाता?

"तहानेनं न्हाई पेत. मावशीनं गिलास पुढं केल्यावर नको म्हणता येत न्हाई."

"सांगा की, डॉक्टरनं मना केलंय."

"कोण खरं मानंल? विनोदच्या लग्नात माझ्या बापाचं पोट दुखत होतं. त्याच्या बापाच्या मयतीला आपल्या घराला उपास होता. त्यांच्या दारात गेलं की आपलं काहीतरी दुखतंच, तुळजे. आता खरंच दुखायलंय, तर ते बी तसलंच वाटंल."

यावेळेस छताकडं बघितलं न्हाई.

म्हणलं, बरं. एक गिलास समजला. दुसरा कशाला?

हे उठले, पिशवीसाठी हात धुवायला लागले.

१७ एप्रिल, शुक्रवार

६४.५. कडक पिशवी लावली. पडदा जाईल यांच्या दोस्तीपायी. अशा माणसाला काय म्हणावं!

१८ एप्रिल, शनिवार

मीच जाते म्हणलं सरजाबाईकडं. स्पष्ट सांगते, पाणी देऊ नका. उन्हात गेले. घसा कोरडा पडला होता. तिनं बस म्हणलं, गिलास पुढं केला.

माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "नको, आत्ताच पिऊन आले."

ती हसली. रागानं न्हाई. "हाव माय. तुम्ही दरवेळेस आत्ताच पिऊन येता. असू द्या. सटवाजी पेतो की दोन गिलास. म्हणतो, एक माझा, एक तुळजाच्या वाट्याचा."

जे सांगायला गेले ते सांगितलंच न्हाई. गिलास तिथंच राहिला.

१९ एप्रिल, रविवार

चारला यांच्या संगं गेले. दोन्ही गिलास मी पेले. मग सांगितलं, मावशी, यांना पाणी मोजून हाय.

तिनं लगेच खरं मानलं.