कोपऱ्यातल्या मशीनची निरवानिरव

मी, गिरिजा कृष्णात मोहिते, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल तर माझ्या मुलाला, प्रतीकला विचारा. त्याला ते जरा जास्तच ठिकाणावर वाटतं. कोणी दडपण आणलेलं नाही. आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

कलम १. माझ्या नावावरचं घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, प्रतीक आणि सून सोनम यांना निम्मं निम्मं मिळावं. सोनमचं नाव मुद्दाम घातलं आहे. ती पंजाबी असून पुरणपोळी माझ्यापेक्षा बरी करते. हे मी तोंडाने कधी बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम २. बँकेत असेल त्यातून तेरावं साधं करावं. उरेल ते सोनमचं.

कलम ३. आता मुद्द्याचं. गाळ्यातल्या कोपऱ्यातलं मशीन.

आमचे यजमान फौजेत सिग्नल्समध्ये हवालदार होते. निवृत्त झाल्यावर इथे टायपिंगचं दुकान काढलं आणि टायपिंग माझ्या गळ्यात घातलं, कारण त्यांना गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या असत. कारखान्यांतली, छावणीतली, पार दिल्लीतली मराठी माणसं यायची. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, मंडळाची आरत्यांची पुस्तिका, फौजींच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज, सगळं मी विंडोज ९८ च्या या मशीनवर बसवलं. ते उघडतंही फक्त इथेच. त्या वेळच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरं बसवलेली असत. फाईल नव्या कॉम्प्युटरवर नेली की नवरानवरीच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो. अजून लोक विचारत येतात, "काकू, आमची पत्रिका असेल का हो तुमच्याकडे?" असते. पण मशीन गेल्या थंडीपासून तिसऱ्या झटक्याला चालू होतं. ते गेलं की सगळी वऱ्हाडं गेली.

कलम ४. प्रतीकने गेल्या दिवाळीच्या साफसफाईत हेच मशीन मला न विचारता कबाड्याला दिलं.

"आई, भंगार होतं ते. विंडोज ९८! आता कौन चलाता है?"

"मी चलाती हूँ."

गल्लीच्या तोंडाशी हरिदास कबाडी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलाच होता. म्हणाला, "अम्मा, इसमें है क्या? दो पंखे, थोड़ा ताँबा." मी घरी येऊन प्रतीकचा नवा मायक्रोवेव्ह उचलला, हरिदासच्या गाड्यावर ठेवला आणि मशीन रिक्षात घालून परत आणलं. प्रतीक वर्षभर विचारतो आहे की मायक्रोवेव्ह एकट्या म्हातारीने उचलला कसा. दुसऱ्या बाजूने सोनमने धरला होता. आता कळलं ना.

कलम ५. माझा लॅपटॉप सोनमला. धडधाकट आहे, तरी नवी विंडोज म्हणाली, हा मला चालायचा नाही. पत्रिका जुळूनही मुलाकडचे खोड काढतात, त्यातलाच प्रकार. मी त्यावर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे गुरुद्वाऱ्यातला लंगर. पैसे कोणी मागत नाही, पण भांडी घासायला आपण उठायचं. सोनमने उठावं. प्रतीकला हात लावू देऊ नये.

कलम ६. मशीनच्या पाठीमागे अंगठ्याएवढं एक लॉक लावावं लागतं, तेव्हाच मराठीचं सॉफ्टवेअर उघडतं. दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारातून, नेहरू प्लेसहून ते आणलं तेव्हा माझी सोन्याची एक बांगडी त्यात गेली. उरलेली एकटी घालून काय मिरवायचं, म्हणून ती आणि लॉक एकाच डबीत आहेत. डबी नात अश्लेषा हिला.

अश्लेषा गुरुग्रामला ज्या कंपनीत आहे ती सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने देते. मी तिला म्हटलं, पाटा विकत घेतला की चटणी वाटायला दर महिन्याला पाथरवटाला विचारत नाहीत. "आजी, आता सगळं सबस्क्रिप्शनवरच चालतं यार." मी म्हटलं, यार तुझा ऑफिसातला. पण पोरगी गप्प बसली नाही. या लॉकने फायली बाहेर काढायच्या आणि जुनी अक्षरं नव्या मराठीत बदलायची, असा प्रोग्राम तिने रविवारी रविवारी बसून लिहायला घेतला. परवा दसऱ्याला पहिली पत्रिका तिच्या मोबाईलवर उघडली. तिच्या आईबापाच्या लग्नाची. सोनम उभी राहून वाचत होती. अश्लेषा म्हणाली, "आजी, 'अगत्य' म्हणजे काय?"

"म्हणजे यायचंच. नाही आलात तर लक्षात ठेवीन."

जोडाक्षरं अजून फुटतात. ती जुळतील. अट एकच: हा प्रोग्राम ज्याला लागेल त्याला तिने फुकट द्यावा.

कलम ७. सगळ्या फायली बाहेर येईपर्यंत मशीन हलवू नये. खंडेनवमीला यजमान तलवारीसारखी त्याची पूजा करीत. एके वर्षी त्यांनी झेंडूचा हार मागच्या बाजूला घातला, दसऱ्याला बटण दाबलं आणि पाकळ्या पंख्याने आत ओढल्या. दुकान दोन दिवस बंद. म्हणून हार मॉनिटरला घालावा, पाठीला नाही.

कलम ८. शेवटची पत्रिका बाहेर आली की मशीन ठेवून घेऊ नये. त्याचं देऊळ करायचं नाही. हरिदासला बोलवा, मशीन द्या आणि मायक्रोवेव्ह परत मागा. पुढच्या खंडेनवमीला पाटावर नुसतं लॉक मांडा आणि ज्यांच्या पत्रिका सापडल्या त्यांना जेवायला बोलवा. पुरणपोळी सोनमची. मी असले तर वाढीन, नसले तर नाही. पण सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.

हे मृत्युपत्र मी त्याच मशीनवर टाईप केलं आहे. छापील प्रत ही एकच. मोबाईलवर वाचायचं असेल तर अश्लेषा, आधी जोडाक्षरं नीट कर.

ठिकाण: फरीदाबाद
तारीख: ५ ऑक्टोबर २०२५

सही: गिरिजा कृष्णात मोहिते

आमच्यासमोर सही केली:
१. विष्णू गोविंद सावंत, शेजारी
२. कल्पना दत्तात्रय बापट, मंडळाच्या चिटणीस

(साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात. विष्णूरावांचा माझ्या गोळीवाल्या माउसवर डोळा होता, तो त्यांना आजच देऊन टाकला. गि. मो.)